लिनक्स मिंट, वाचनालयातल्या पाच जुन्या मशीनवर, पावणेदोन वर्षांनंतर

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि मिंट हा तिचाच एक प्रकार. लिनक्सचे जेवढे रिव्ह्यू बघितले ते बहुतेक नव्या लॅपटॉपवरचे, टाकलं, दोन दिवस वापरलं, वॉलपेपर बदलून दाखवला, संपलं. रोज सकाळी आठला कुलूप काढून पाच मशीन चालू करायच्या, दिवसभर फॉर्म भरायला पोरं येणार, लाइट दोनदा जाणार, आणि काही बिघडलं तर दुरुस्तीला माणूस यायला दोन दिवस, अशा ठिकाणी हे कसं चालतं ते कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून मीच लिहितेय. मी कराड तालुक्यातल्या एका गावात 'क' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणजे एमएस-सीआयटी, बाकी सगळं करत करत आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिंट टाकलं, आज पावणेदोन वर्षं झाली, आणि निकाल आधीच सांगून टाकते, परत वेळ आली तर परत हेच टाकेन. पण दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या माहीत नसताना कुणी टाकू नये, त्या पण सांगते.

पाचही मशीन पुण्यातल्या एका ऑफिसनं काढून टाकलेल्या, भाच्यानं गाडीत घालून आणल्या. चौथ्या पिढीचे आय-थ्री, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि वर विंडोज ७. सकाळी बटण दाबून सगळा हॉल झाडून झाला तरी डेस्कटॉप आलेला नसायचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमच्या मशीनला त्या बाजूनं रस्ताच नव्हता. एक दुकानदार म्हणाला, "मॅडम, मी टाकून देतो की, कोण बघायला येतंय." पण अनुदानावर चालणारी संस्था, दरवर्षी हिशोब तपासला जातो, आणि तसंही जिथं आपण पोरांना पुस्तकाची पानं फाडू नका म्हणून सांगतो तिथं चोरीचं सॉफ्टवेअर ठेवायला मला नको वाटलं.

आमचे अध्यक्ष आण्णा, वय पंच्याहत्तर, त्यांचा पहिला प्रश्न हाच, "ताई, फुकट म्हणजे नक्की कुणाचं? उद्या बिल नाही ना येणार?" मग त्यांना सांगितलं की हे २००६ पासून चालू आहे, देणग्यांवर आणि प्रायोजकांवर चालतं, उबंटू या दुसऱ्या मोठ्या लिनक्सच्या पायावर उभं आहे, आणि याच्या लायसन्सनंच आपल्याला वापरायचा, कॉपी करायचा, दुसऱ्याला द्यायचा हक्क दिलेला आहे. लायसन्सची प्रिंट काढून फाइलला लावली, मासिक सभेत ठराव केला. हे सांगते कारण संस्थेत काम करणाऱ्यांना हाच पहिला अडथळा येतो, तांत्रिक अडथळे नंतर.

टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता, आणि हे प्रत्येकानं कराच, कारण वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, स्क्रीन नीट दिसतेय का ते दहा मिनिटांत कळतं. आमच्या एका मशीनचं वायफाय चाललं नाही, त्याच्या चिपला वेगळा ड्रायव्हर लागत होता आणि ड्रायव्हर आणायला इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेटसाठी तर वायफाय पाहिजे. तिथं फोन यूएसबीनं जोडला, टेदरिंग चालू केलं, त्याचं नेट लगेच आलं, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून एका क्लिकवर काम झालं. मिंटच्या तीन आवृत्त्या असतात, सिनामन, माटे आणि एक्सएफसीई. ४ जीबीच्या मशीनला सगळ्यात हलकी एक्सएफसीईच घ्या, उगाच दिसण्याच्या मागं लागू नका. नुसतं चालू केल्यावर आमच्याकडं ७००-८०० एमबी रॅम खाते, बाकीची सगळी ब्राउझरला मोकळी राहते आणि ब्राउझर ती खातोच. फिरती डिस्क काढून १२० जीबीच्या एसएसडी बसवल्या, तीन मशीनला रॅम ८ केली, सगळं मिळून साधारण दहा हजार गेले पाच मशीनला. खरं सांगायचं तर वेगातला निम्मा फरक त्या एसएसडीचा आहे, मिंटचं कौतुक करताना हे लपवणार नाही.

मशीनना नावं दिली, कृष्णा, कोयना, वांग, तारळी, उरमोडी. कृष्णा काउंटरवर माझ्याजवळ, बाकीच्या चार वाचकांसाठी. प्रत्येकीची एक वही केली, दोनशे पानी, त्यात तारीख घालून काय केलं ते लिहायचं, अपडेट, बदललेलं सेटिंग, आलेली एरर जशीच्या तशी उतरवून. ही वही हाच माझा सगळ्यात मोठा सल्ला आहे, कारण लिनक्समध्ये बिघाड झाला की तो कारण सांगतो, स्क्रीनवर ओळ येते, पण तीन महिन्यांनी तीच ओळ परत आली की गेल्या वेळी काय केलं होतं ते आठवत नाही. कोणतं पॅकेज कधी टाकलं ते मशीन स्वतः पण लिहून ठेवते, एपीटीचा, म्हणजे पॅकेज टाकणाऱ्या प्रोग्रॅमचा, इतिहास लॉगमध्ये असतो, पण आपण का टाकलं ते फक्त वहीत असतं.

आता मराठीचं. यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण इथंच लोक घाबरतात. मिंटमध्ये देवनागरी दिसायला काहीच करावं लागत नाही, फॉन्ट असतातच. टाइप करायला दोन रस्ते. एक म्हणजे कीबोर्ड सेटिंगमध्ये भारताच्या यादीत जाऊन मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट (भारतीय भाषांसाठी ठरलेली कीबोर्डची मांडणी) जोडायचा, काही इन्स्टॉल करायला नको, बदलायला एक शॉर्टकट ठरवायचा. इनस्क्रिप्ट ज्यांना येतं त्यांच्यासाठी हे सगळ्यात चांगलं, र J च्या बटणावर आणि शिफ्ट धरून ऱ, म्हणजे दुसऱ्या, पुढाऱ्यांनी हे शब्द नीट येतात, "दुसर्‍या" लिहिताना होणारी कसरत नाही. दुसरा रस्ता आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायचा प्रोग्रॅम) आणि त्याचं एम-१७-एन पॅकेज, त्यात इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायच्या पद्धती आहेत, फोनेटिक आहे, आणि मला ज्याचा फार आनंद झाला ते गमभन पण आहे. आमच्याकडं येणारी बहुतेक पोरं मोबाइलवर इंग्रजी अक्षरांनीच मराठी लिहितात, त्यांना हे पाच मिनिटांत जमतं. आमच्या माजी मुख्याध्यापिका बाई, ज्यांनी आयुष्यभर हातानं लिहिलं, त्यांनी इनस्क्रिप्ट शिकून गावच्या यात्रेचा इतिहास चाळीस पानं टाइप केला, वांगवर बसून, रोज सकाळी एक तास.

एक बारीक गोष्ट, पण मराठी माणसाला डोळ्याला टोचणारी. लिबरऑफिसमध्ये (वर्डच्या जागी वापरायचा फुकट प्रोग्रॅम) मजकूर हिंदी वळणाचा दिसतो, म्हणजे ल आणि श हिंदी छपाईत असतात तसे. कारण मजकुराची भाषा हिंदी धरलेली असते. सेटिंगमध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथं मराठी निवडा, आणि नोटोसारखा फॉन्ट घ्या ज्यात मराठीची वेगळी रूपं आहेत, की लगेच ल आणि श आपले होतात. मला हे कळायला सहा महिने लागले, तोपर्यंत आमच्या सगळ्या सूचना हिंदी वळणाच्या ल-श मध्ये गेल्या. दुसरा त्रास जुन्या फाइलींचा. २०१० च्या आधीच्या आमच्या नोटिसा, सभासद यादी, सगळं युनिकोडच्या (आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहे, ते उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. यात लिनक्सचा काही दोष नाही, तो फॉन्ट नसेल तर विंडोजवर पण असंच दिसतं, पण लोक म्हणतात "लिनक्सवर मराठी फाइल उघडत नाही". त्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून घ्याव्या लागतात आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात, त्याला पर्याय नाही.

वाचनालयात खरं काम काय चालतं तर फॉर्म. भरती, शिष्यवृत्ती, प्रवेश, परीक्षा. आणि प्रत्येक फॉर्मला फोटो अमुक केबीच्या आत, सही तमुक केबीच्या आत. पोरं मोबाइलवर कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटवर स्वतःचा फोटो, सही, कधी कधी आधारसुद्धा चढवून छोटं करून घ्यायची, ते बघून मला धडकी भरायची. आता हे आमच्या मशीनवरच होतं, नेट नसलं तरी होतं. इमेजमॅजिक म्हणून प्रोग्रॅम आहे, त्याला जेपेगची कमाल साइझ सांगता येते, ५० केबी म्हटलं की तेवढ्यात बसवून देतो. आणि एक्सएफसीईचा फाइल मॅनेजर थुनार, त्यात कस्टम अ‍ॅक्शन बनवता येतात, म्हणजे राइट क्लिकच्या मेनूत आपलं स्वतःचं वाक्य. आमच्याकडं फोटोवर राइट क्लिक केलं की "फोटो ५० केबी करा" आणि "सही २० केबी करा" असं मराठीत येतं. बास. पोरं दुसऱ्या गावाहून यायला लागली यासाठी. असं स्वतःच्या गरजेचं बटण मी आधी कधी कुठल्या कॉम्प्युटरवर बनवलं नव्हतं, आणि ते बनवायला कुणाची परवानगी लागली नाही, पैसे लागले नाहीत, अर्धा तास लागला. मला विचाराल तर या सगळ्या रिव्ह्यूचा गाभा या दोन ओळींच्या मेनूत आहे.

आता चुकलेलं. सुरुवातीला वाचकांसाठी गेस्ट सेशन चालू केलं होतं, लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये त्याचा ऑप्शन असतो. कल्पना चांगली, पासवर्ड नको, आणि लॉगआउट केलं की त्या माणसाचं सगळं पुसलं जातं, म्हणजे कुणाचं आधार कुणाच्या हाती नको. पण मे महिन्यात एक मुलगी अकरापासून बसून दोन तास अर्जासोबत जोडायचं निवेदन टाइप करत होती, सेव्ह पण करत होती बिचारी, वळीव आला आणि लाइट गेली. परत चालू केलं तर काही नाही. गेस्टचं घर मेमरीत असतं, मशीन बंद म्हणजे सगळं गेलं, सेव्ह करून सुद्धा. ती रडली नाही पण तिचा चेहरा माझ्या डोळ्यासमोरून गेला नाही. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून ते परत टाइप केलं, ती सांगत होती आणि मी लिहीत होते.

त्यानंतर गेस्ट बंद केलं आणि 'वाचक' नावाचं साधं खातं केलं, अ‍ॅडमिनचे हक्क नसलेलं. भाच्यानं एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली, मशीन दिवसात पहिल्यांदा चालू होते तेव्हा ती 'वाचक' चं घर ठेवलेल्या साच्यावरून नवं करते, आदल्या दिवसाचं सगळं पुसून. पण मधेच लाइट जाऊन परत चालू झाली तर हात लावत नाही, आजची तारीख एका फाइलमध्ये लिहिलेली असते त्यावरून तिला कळतं. फायरफॉक्सला सांगून ठेवलंय की बंद होताना हिस्ट्री आणि लॉगिन पुसायचे. म्हणजे काम दिवसभर सुरक्षित आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं काही शिल्लक नाही. कुणी वाचनालय, शाळा, अभ्यासिका चालवत असेल तर गेस्टपेक्षा हे करा, माझं ऐका.

लाइटीचं आणखी एक. युपीएस यायच्या आधी तारळी एकदा काळ्या पडद्यावर थांबली, कंसात इनिटरॅमएफएस असं लिहिलेलं आणि पुढं कर्सर. पाहताक्षणी वाटलं मेली ही. पण वरच्या ओळी नीट वाचल्या तर त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की अमुक पार्टिशन (डिस्कचा भाग) हातानं एफएससीके या डिस्क तपासायच्या कमांडनं तपासा. तीच कमांड त्याच पार्टिशनच्या नावानं दिली, पुढं वाय लावून, तिनं आपोआप दुरुस्त केलं, मग एक्झिट म्हटलं की चालू. दोन मिनिटं. अशी ओळ माझ्या वहीत लाल पेननं लिहिली आहे. तरी सांगते, युपीएस घ्याच, दुरुस्ती होते म्हणून रोज दुरुस्ती करत बसायचं नसतं.

सगळ्यात जास्त घाबरले ते यावर्षी जानेवारीत. कृष्णाला पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत लॉगिनलाच यायची. पासवर्ड बरोबर, चुकीचा म्हणत नाही, पण आत घेत नाही. कृष्णावर सगळी सभासद नोंद आणि जुन्या दाखल रजिस्टरचे स्कॅन. भाच्याला फोन लावला, तो म्हणाला, "मावशी, कंट्रोल ऑल्ट एफ-२ दाब." नुसता काळा पडदा आला, तिथं लॉगिन झालं. "आता डीएफ, स्पेस, डॅश, एच." बघते तर डिस्क १०० टक्के भरलेली. जागा नसली की डेस्कटॉपला सुरू होताना लागणारी छोटी फाइलसुद्धा लिहिता येत नाही, म्हणून तो बाहेर ढकलतो. आणि भरली कशानं, तर टाइमशिफ्टच्या स्नॅपशॉटनी. टाइमशिफ्ट ही मिंटची फार मोठी जमेची बाजू आहे, सिस्टिमची एक प्रत ठेवते, काही बिघडलं की त्या दिवसावर परत नेते, पण मी रोजचे पाच, आठवड्याचे चार, महिन्याचे तीन असे सगळेच ठेवायला सांगितलेले आणि १२० जीबीच्या डिस्कवर स्कॅन पण तिथंच. टाइमशिफ्टला यादी विचारली, जुने स्नॅपशॉट खोडले, एपीटी क्लीन केलं, जर्नलचे लॉग १०० एमबीवर आणले, रीस्टार्ट, आत गेले. आता आठवड्याचे दोन, बस. आणि हे नीट लक्षात घ्या, टाइमशिफ्ट मुळात सिस्टिम वाचवते, तुमच्या फाइली नाही, घरचा फोल्डर तिनं वगळलेला असतो. आपल्या फाइलींचा बॅकअप वेगळा, बाहेरच्या डिस्कवर. आम्ही दर शनिवारी घेतो आणि ती डिस्क आण्णांच्या घरच्या कपाटात असते, वाचनालयात नाही.

अपडेटबद्दल लोकांची तक्रार असते की लिनक्सचे अपडेट रोज येतात. येतात, पण मधेच मशीन बंद करून "थांबा" म्हणत नाहीत, तुम्ही म्हणाल तेव्हा होतात, आणि कशाचा अपडेट आहे ते नावानिशी दिसतं. आमचं नेट महिन्याला मोजून मिळतं, पाच मशीननी तेच पाचदा डाउनलोड करणं परवडत नव्हतं, तर कृष्णावर एपीटी-कॅशर-एनजी टाकलं, एकदा उतरवलेलं पॅकेज ती साठवून ठेवते आणि बाकीच्या चौघी तिच्याकडून घेतात. बाकीच्यांत एका फाइलमध्ये कृष्णाचा पत्ता आणि ३१४२ हा पोर्ट लिहिला, झालं. रविवारी सकाळी काउंटरवर बसल्या जागेवरून एसएसएचनं एकेक मशीनमध्ये शिरते, कोयना डॉट लोकल, वांग डॉट लोकल असं नाव टाकून, अपडेट, अपग्रेड, वहीत तारीख. बाहेरून इंटरनेटवरून कुणाला आत येता येईल असं काही उघडं ठेवलेलं नाही, तुम्हीही ठेवू नका.

एकदा कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) अपडेटनंतर वांगची स्क्रीन अर्धवट दिसायला लागली. मिंट जुना कर्नल लगेच फेकत नाही, चालू होताना ग्रबचा मेनू आणून अ‍ॅडव्हान्स्ड मध्ये मागचा निवडला, तीन आठवडे त्यावर चालवलं, पुढचा कर्नल आला तो नीट होता. मिंट २१.३ वरून २२ या आवृत्तीवर नेणं मात्र बटण दाबून सोडून द्यायचं काम नाही, मिंटअपग्रेड नावाचं वेगळं टूल टाकावं लागतं, आधी स्नॅपशॉट घ्यायला लावतं, आमच्याकडं एका मशीनला जवळजवळ अडीच तास लागले. पण त्यानंतर २२.१ साधं अपडेट मॅनेजरच्या मेनूतून झालं, आणि २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, म्हणजे तोपर्यंत असं मोठं काम परत नाही.

प्रिंटर. इथं मी मिंटला पूर्ण मार्क देऊ शकत नाही, खरं तर दोष प्रिंटर बनवणाऱ्यांचा आहे पण भोगावं आपल्याला लागतं. आमचा जुना छोटा लेझर, कंपनीचं नाव घेत नाही, त्याचा लिनक्स ड्रायव्हर कंपनीनं कधी काळी काढला आणि मग वाऱ्यावर सोडला. दोन दिवस झगडून चालू केला तर प्रत्येक रीस्टार्टनंतर परत झोपायचा. शेवटी तो विंडोजवाल्या सहाव्या मशीनला लावला (तिच्याबद्दल पुढं सांगते) आणि नवा नेटवर्कवाला घेतला, ज्याच्या खोक्यावर एअरप्रिंट लिहिलंय असा, तो ड्रायव्हर न टाकताच पाचही मशीनना आपोआप दिसला. तर प्रिंटर घेताना दुकानदार "लिनक्सवर चालतो ना" याला काय उत्तर देतो ते सोडा, खोक्यावर तो शब्द बघा.

पेनड्राइव्हचं सांगायचं राहिलं होतं. झेरॉक्सच्या दुकानांतून फिरून आलेले पेनड्राइव्ह म्हणजे सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले, पोरं म्हणणार "ताई डाटा गेला". आमच्या मशीनवर लावला की खरे फोल्डर पण दिसतात आणि ते खोटे शॉर्टकट पण दिसतात, कारण विंडोजसाठी केलेली ती लपवाछपवी इथं चालत नाही आणि तो व्हायरस इथं सुरूच होत नाही. खरे फोल्डर कॉपी करून घ्यायचे, पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा, परत टाकून द्यायचे. असे कितीतरी प्रोजेक्ट आणि लग्नाचे फोटो परत मिळालेत इथं.

काय चालत नाही ते सरळ सांगते. टायपिंगच्या परीक्षेचं सरावाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, त्यासाठीच सहावी मशीन, एका सभासदानं लायसन्ससकट दिलेली, तशीच ठेवली आहे. आधारच्या पीडीएफवर सही तपासून ती हिरवी बरोबरची खूण आणणं, काही ऑफिसांत तशीच प्रिंट मागतात, ते मिंटच्या साध्या पीडीएफ वाचणाऱ्यात होत नाही, आणि अ‍ॅडोबीनं रीडरची लिनक्स आवृत्ती केव्हाच बंद केलीय, तेही सहाव्या मशीनवर. वर्डमध्ये मंगल फॉन्टमध्ये केलेला मराठी मजकूर लिबरऑफिसमध्ये उघडला की ओळी पुढंमागं होतात, कारण तो फॉन्ट इथं नसतो. वाचायला, सुधारायला अडचण नाही पण शेवटची प्रत पीडीएफ करूनच पाठवा. अकाउंटचं विंडोजवालं सॉफ्टवेअर ज्यांचं रोजचं पोट आहे त्यांनी सगळ्या मशीन एकदम बदलू नयेत, एक बाजूला ठेवावी. आणि ४ जीबीच्या ज्या दोन मशीन उरल्यात तिथं ब्राउझरचे दहा-बारा टॅब उघडले की त्या हळू होतात, झेडरॅम (रॅममधली माहिती दाबून कमी जागेत बसवायची सोय) टाकल्यावर फरक पडला, पण रॅम वाढवणं हाच खरा उपाय.

मार्क द्यायचे तर वापरायला दहापैकी नऊ, मराठीला आठ, प्रिंटरला पाच, सांभाळायला आठ. आठवड्याला माझा एक तास जातो पाच मशीनमागं, रविवारचा, आणि तो तास कुणी देणार नसेल तर मात्र टाकू नका, सहा महिन्यांनी त्या मशीन परत धूळ खात बसतील आणि नाव लिनक्सचं खराब होईल. ज्या मुलीचं निवेदन गेलं होतं ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, ती रविवारी येते, उरमोडीची वही तिच्याकडं आहे आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. सध्या २२.२ वर न्यायचं काम काढलंय, पुढच्या रविवारी आधी उरमोडी करणार, ती आठवडाभर नीट चालली की कोयना, वांग, तारळी, आणि कृष्णा सगळ्यात शेवटी, शनिवारचा बॅकअप घेऊन झाल्यावर.